वाऱ्याच्या बाजूला

कोळेकर सरांचा केस नीट बसलेला फोटो ग्रुपवर कोणाकडेच निघाला नाही. शोकसभा तोंडावर आली होती, फ्रेमवाला घाई करत होता आणि प्राचार्यांचा निरोप फिरत होता की सरांचा चांगला फोटो असेल तर ताबडतोब टाका. जुन्या विद्यार्थ्यांनी धडाधड फोटो टाकले. गच्चीवरचे, पठारावरचे, बांधकामाच्या साइटवरचे. सगळ्यांत सर हसत होते आणि सगळ्यांत त्यांचे पांढरे केस एका बाजूला उडालेले होते. शेवटी कोणीतरी लिहिलं, ‘हा माणूस घरात कधी बसलाच नाही का?’ मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. अलीकडे मला लवकर थकायला होतं. शोकसभा म्हटलं की तर जास्तच.

सर आमच्या सांगलीच्या आर्किटेक्चर कॉलेजात उंच इमारती शिकवायचे. उंच इमारती आणि वारा, एवढाच त्यांचा विषय. आता यातली गंमत सांगलीबाहेरच्या माणसाला सांगावी लागेल. सर इथे आले तेव्हा गावात लिफ्टमध्ये बसायची हौस असलेली पोरं उगाच मोठ्या दवाखान्यात चक्कर टाकून यायची. अशा गावात हा माणूस परदेशातल्या ढगाला लागणाऱ्या इमारतींवर काम करून येतो आणि पोरांना शिकवत बसतो, हे कोणालाच कळत नव्हतं. स्टाफरूममध्ये मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, “आईला बघायला आलो हुतो. ती म्हणाली, आता कशाला जातूस. मलाबी काय उत्तर सुचलं न्हाई.”

मूळचे ते जतच्या पुढचे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावचे. घरची मेंढरं. वर्गात ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, मधूनमधून इंग्रजी. दमले की गावचं बोलायला लागत. शेवटच्या काही वर्षांत ते गावचंच जास्त बोलायचे. मी साताऱ्याची, कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवायला आलेली. माझं आडनाव त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण हाक मारायची ती ‘सातारकर’ अशीच.

त्यांची एक सवय माझ्या फार उशिरा लक्षात आली. आम्ही चहाला कॉलेजच्या फाटकाबाहेर जायचो. जाताना सर माझ्या उजवीकडे असले तर येताना डावीकडे. मध्येच रस्ता वळला की बोलता बोलता मागून फिरून दुसऱ्या बाजूला यायचे. मी एखाद्या वेळी चुकून त्यांच्या जागी गेले तर म्हणायचे, “सातारकर, इकडं या.” मला वाटायचं गाड्यांची काळजी करतात. जुन्या वळणाची माणसं बायकांना रस्त्याच्या आतल्या बाजूला ठेवतात, तसलं काही. पण रिकाम्या मैदानावरही तेच. विचारलं तर म्हणाले, “सवय हाय. वारा तिकडनं येतोय.” बरोबर चालणारा कोणीही असो, प्राचार्य असो की पहिल्या वर्षाचं पोर, सर वाऱ्याच्या बाजूला.

त्यांचा वाऱ्याचा बोगदा हे आमच्या कॉलेजचं एकमेव नवल होतं. लांबलचक प्लायवूडची पेटी, एका बाजूला काच, मधोमध फिरणारा गोल पाट आणि टोकाला भला मोठा पंखा. पाटावर इमारतीचं छोटं मॉडेल ठेवायचं, आजूबाजूची घरं मांडायची, पंखा सुरू करायचा आणि वारा काय करतो ते बघायचं. पंखा माधवनगरच्या एका बंद पडलेल्या कापड मिलचा. मिलचं सामान भंगारात निघालं तेव्हा सर स्वतः टेम्पोत बसून तो घेऊन आले होते. पहिल्यांदा चालू केला तेव्हा पात्यांतून कापसाचे धागे उडून सगळ्या लॅबभर झाले. शिपाई झाडू घेऊन आला. सरांनी त्याला थांबवलं, खाली बसून ते धागे स्वतः गोळा केले आणि एका पाकिटात घातले. त्याच मिलमध्ये त्यांचे थोरले भाऊ कामाला होते. मिलच्या चाळीतल्या एका खोलीत राहून, भावाच्या पगारावर सर शिकले. भाऊ आता नव्हते.

बोगद्यात सर रवा वापरत. बारीक रवा, चाळून घेतलेला. मॉडेलच्या पायाशी, जिथून माणसं चालणार त्या जमिनीवर, तो एकसारखा पसरायचा आणि पंखा हळूहळू वाढवत न्यायचा. जिथला रवा आधी उडाला तिथे वारा जोराचा. “तिथं माणूस पडणार,” सर बोट दाखवून सांगायचे. यासाठी महागडी यंत्रं असतात, पण ती आमच्या कॉलेजला कुठली परवडायला, आणि सर म्हणायचे की रवा खोटं बोलत नाही. लॅबच्या कपाटात रव्याचे पुडे आणि पुड्यांमागे मुंग्या. एकदा शेवटच्या वर्षाच्या मुलींनी उरलेल्या रव्याचा शिरा करून सरांसमोर वाटी ठेवली. सरांनी वाटी हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि परत दिली. “न्हाई गं,” म्हणाले, “मला ह्यात पडलेली माणसं दिसत्यात.” मुली हसल्या. मला ते फारसं हसण्यासारखं वाटलं नाही.

मुलांच्या प्रकल्पांची परीक्षा असली की सरांचा प्रश्न ठरलेला. पोरगं चाळीस मजल्यांची इमारत मांडून उभं असायचं, काच, स्टील, वर बाग, बागेत कारंजं. बाहेरचे परीक्षक खूश झालेले असायचे. सर वाकून मॉडेलच्या पायथ्याशी डोळे नेऊन विचारायचे, “खाली कोण उभं आहे?” एकदा एक मुलगा गडबडून म्हणाला, “वॉचमन.” सरांनी विचारलं, “त्याची टोपी कोण धरणार?” पुढच्या वर्षीच्या पोरांनी सगळ्या नकाशांत वॉचमनच्या टोप्यांना हनुवटीखालून पट्टे काढले. सरांनी त्या सगळ्यांना चांगले मार्क दिले. म्हणाले, निदान माणूस काढला तरी.

“इमारत पडत न्हाई हो,” ते मला सांगायचे. “इमारतीची काळजी करायला इंजिनियर बसल्यात. ती उभीच राहती. वारा तिला धडकतो, तिथनं खाली उतरतो आन् पायाशी चाललेल्या म्हातारीला ढकलतो. त्या म्हातारीचं कोण बघणार?” एवढ्या एका म्हातारीसाठी माणसानं जन्म घालवला असं म्हटलं तरी चालेल. तेव्हा ती म्हातारी कोण, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

दरवर्षी ते मुलांना पाटणच्या वरच्या पवनचक्क्यांच्या पठारावर न्यायचे. मी साताऱ्याची म्हणून मला बरोबर घ्यायचे, जणू ते पठार माझ्या वडिलांचं. तिथे सगळ्या मुलांना एकामागे एक रांगेत उभं करायचे, तोंड वाऱ्याकडे. पुढच्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि शेवटचा निवांत. मग शेवटच्यानं पुढे यायचं आणि पुढच्यानं मागे जायचं. असं सगळ्यांचं होईपर्यंत. मुलं कंटाळायची, चेष्टा करायची. परतताना बसमध्ये एकदा त्यांनी सांगितलं की लहानपणी मेंढरांबरोबर रानात मुक्काम असला की वडील वाऱ्याच्या अंगाला झोपायचे, मग आई, मग पोरं. “शिक्षण म्हणाल तर तेवढंच. बाकीचं आकडं,” ते म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेले.

मग पुराची वर्षं आली. नदीकाठच्या घरांत गाळ शिरला, आणि ज्यांना जमलं त्यांनी ठरवलं की आता वर राहायचं. माधवनगरला पंधरा मजल्यांच्या दोन इमारती उठल्या, शेजारी शेजारी, मध्ये गाड्या जायला वाट. बिल्डर भला माणूस होता. त्याला कोणीतरी सांगितलं की आपल्याकडेच वाऱ्याचा तज्ज्ञ आहे. सरांच्या आयुष्यातलं हे सांगलीतलं पहिलं खरं काम. आम्हाला सगळ्यांना आनंद झाला. सर तर पंधरा दिवस डबा खायला विसरत होते.

मॉडेल केलं. आजूबाजूची घरं मुलांनी थर्माकोलची कापली. वाटेच्या बरोबर समोर, पश्चिमेला, ती बंद मिल होती. चार मजल्यांची दगडी इमारत, करवतीच्या दातांसारख्या छपराच्या शेड. ती मिल सरांनी स्वतः केली, सागवानाच्या तुकड्यांची, खिडक्यांसकट. एवढ्या खिडक्यांची काही गरज नव्हती. पंखा सुरू झाला, रवा पसरला, वाटेतला रवा जागचा हलला नाही. समोर मिल उभी होती ना, ती वारा अडवत होती. सरांनी अहवाल दिला की वाट निर्धोक आहे. आम्ही सगळ्यांनी ते मॉडेल बघितलं होतं. मिल किती हुबेहूब झालीय, असंच जो तो म्हणाला.

इमारतीत लोक राहायला आले आणि पुढच्या उन्हाळ्यात मिल पाडली. जागा प्लॉटसाठी विकली गेली होती. दगड ट्रकांनी गेले, सपाट मैदान झालं. आणि आषाढात, पश्चिमेचा वारा सुटल्यावर, एका संध्याकाळी हौसाक्का मारुतीला निघाल्या आणि त्या वाटेत आडव्या झाल्या. मांडीचं हाड मोडलं. हौसाक्का म्हणजे सोसायटीचे चेअरमन सुभेदार पाटील यांची आई. उसाच्या रानातून, पुराच्या गाळातून मुलानं उचलून नवव्या मजल्यावर आणून ठेवलेली बाई.

सरांना ही बातमी मीच सांगितली. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर चहा होता, त्यांच्यासमोर चहा होता. मी म्हटलं, असं असं झालं. ते उठले, लॅबमध्ये गेले. थोड्या वेळानं पंख्याचा आवाज आला. मी गेले तेव्हा पाटावर तेच मॉडेल होतं, फक्त मिल काढून बाजूच्या टेबलावर ठेवलेली. वाटेतला रवा सगळा उडून काचेला जाऊन लागला होता. जमिनीचं काळं लाकूड दिसत होतं.

“सातारकर,” ते म्हणाले, “बंद मिल किती दिवस उभी राहती हो?”

मी म्हटलं, तुम्हाला कसं कळणार होतं.

“ह्यो पंखा कुठला हाय?” त्यांनी विचारलं.

त्या मिलचा पंखा भंगारातून ज्यानं स्वतः उचलून आणला, त्यानंच मॉडेलमध्ये ती मिल कायमची म्हणून ठेवली होती. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झालीच नसती. बाहेरच्या तज्ज्ञानं तिथे मोकळा प्लॉट धरला असता आणि पुढे गेला असता. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, हेही सांगून टाकते. त्या खिडक्या कोरत बसल्याचा राग.

सोसायटीच्या सभेला सर गेले, मी बरोबर गेले. लोकांना वाटलं कॉलेजवाले हात झटकायला आलेत. सर उभे राहिले आणि म्हणाले, “चूक माझी आहे. मिल जाईल हे माझ्या मनातच आलं नाही.” चूक कबूल करणाऱ्याशी भांडायचं कसं, हे कोणाला माहीत नव्हतं. मग त्यांनी सांगितलं, वाट बंद करता येणार नाही, आगीचा बंब आत यायला ती लागते. पण तोंडाशी दोन्ही बाजूंनी झाडांची दाट रांग लावली तर वारा मोडेल. त्यासाठी गाड्या लावायची एक ओळ सोडावी लागेल.

सभा शांत होती ती तेवढ्यावर पेटली. पार्किंग म्हणजे माणसाचं काळीज. सुभेदार पाटील उठले. ताठ, मिशा पांढऱ्या, आवाज परेडचा. “आवं सर, आई माझी पडली, मला दुःख न्हाई व्हय? पर झाडं मोठी कवा व्हायची? तवर गाड्या कुठं लावायच्या, तुमच्या कॉलेजात? म्हाताऱ्या मानसांनी त्या टायमाला भायेर पडू ने, इषय मिटला.”

“त्यांनी घरात बसावं म्हणून मी इमारती शिकलो न्हाई,” सर म्हणाले. आवाज चढवला नव्हता. पण त्यांनी माणसांपुढे गावचं बोलायला सुरुवात केली म्हणजे ते फार दमलेत, हे मला कळलं.

ठराव नामंजूर झाला. येताना मी म्हटलं, सर, तुम्ही सांगून झालंत, आता सोडा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मागून फिरून दुसऱ्या बाजूला आले. वारा तिकडून होता.

दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी त्या वाटेत जाऊन उभे राहायला लागले. त्याच महिन्यात ते निवृत्त झाले, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. कॉलेजनं लगेच लॅबमध्ये जुने कॉम्प्युटर आणि मोडकी बाकं भरली होती. बोगदा भिंतीला लावून त्यावर चटया रचल्या होत्या. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, “चटया बऱ्या. मुंग्या तरी जातील.” आणि रोज माधवनगर. कोणी म्हातारं माणूस, कोणी बाळ घेतलेली बाई आली की सर तिच्या पश्चिमेच्या अंगानं चालत वाट ओलांडून द्यायचे आणि परत येऊन उभे. पोरं हसायची. वॉचमन खुर्ची द्यायचा, ते बसायचे नाहीत. सुभेदारांना ते मुद्दाम लाज काढायला उभे आहेत असंच वाटत होतं. मला विचाराल तर सरांच्या मनात सुभेदार नव्हतेच.

हौसाक्का वॉकर घेऊन चालायला लागल्या तो दुसरा आषाढ. मुलानं नको म्हटलं तरी खाली उतरल्या. सर पुढे झाले. हौसाक्कांनी विचारलं, “तू कोन रं बाबा? रोज वरनं दिसतूयास.”

सर म्हणाले, “तुमी माझ्यामुळं पडलाय.”

हौसाक्कांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “मी वाऱ्यानं पडले,” म्हणाल्या. “चल, मारुतीला सोड.” दोघं गेले. वॉकर, हौसाक्का आणि पश्चिमेच्या बाजूला सर, केस उडालेले. मारुतीपाशी त्या टेकल्या आणि विचारलं, “घरी कोन हाय तुझ्या?” सर म्हणाले, कोणी नाही. “मंग जेवतूस कुठं?”

त्या रात्री नवव्या मजल्यावर काय बोलणं झालं ते मला वॉचमननं सांगितलं, म्हणजे त्याला खालपर्यंत ऐकू गेलं म्हणे. हौसाक्का मुलाला म्हणाल्या होत्या, “तुझी गाडी उभी ऱ्हाती आन् त्यो मानूस उभा ऱ्हातो. गाडीला काय पाय दुकत्यात व्हय रं?” सुभेदारांनी आधी आपली गाडी रस्त्यावर नेऊन लावली. मग हळूहळू, कुरकुरत, एक ओळ रिकामी झाली. करंजाची रोपं लागली. सर म्हणाले, करंज कणखर, वाऱ्याला दबत नाही, मिल होती तेव्हा तिच्या कुंपणालाही होते. खड्डे सुभेदारांनीच खणून घेतले, दोरी लावून, एका रांगेत.

पण झाडं काही सभेच्या ठरावानं वाढत नाहीत. रोपं गुडघ्याएवढी होती. तोवर वारा मोकळाच होता आणि सर येतच राहिले.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते गेल्या आषाढात. साताऱ्याहून परत येताना मुद्दाम माधवनगरला उतरले. करंज कमरेला आले होते, वाऱ्यानं सगळे एका बाजूला झुकलेले. सर वाटेच्या तोंडाशी उभे. फार वाळले होते. सदरा अंगावर नुसता फडफडत होता. हौसाक्कांना मारुतीहून परत आणून सोडून झालं होतं. मी म्हटलं, चला, चहा घेऊ. निघालो. चार पावलं गेलो आणि वाऱ्याचा झोत आला, तसे सर थोडे कलंडले. पाय सावरला, पण मी बघितलं.

मी मागून फिरले आणि त्यांच्या पश्चिमेला आले. मी अंगानं चांगली आडवी आहे, त्याचा आयुष्यात एवढा एकच उपयोग झाला. आता ते म्हणतील, सातारकर, इकडं या. मी वाट बघत होते. ते माझ्याकडे बघून थांबले. मग माझ्या कोपराला धरलं आणि चालायला लागले.

वाट ओलांडल्यावर ते म्हणाले, “निवांत लागतंय की हो.”

“काय?”

“ह्या बाजूला. मला म्हाईतच न्हवतं.”

टपरीपाशी चहा सांगितला. ते माझ्या आडोशाला भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. काय वाटलं कोण जाणे, मी फोन काढला आणि फोटो घेतला. त्यांना कळलं नाही. घरी जाऊन बघितला. केस अगदी चापून बसलेले होते. विंचरल्यासारखे. चेहरा इतका दमलेला की मला तो पुरता बघवेना.

दिवाळीनंतर ते गेले. शोकसभेला सुभेदार आले होते, हौसाक्कांना खुर्चीत बसवून घेऊन आले होते. समोर हार घातलेला फोटो पठारावरचा, केस उडालेला. हौसाक्का त्याच्याकडे बघून हसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “हां, ह्योच. असाच असायचा.”

माझ्याकडचा फोटो मी कोणाला पाठवला नाही.